रॉकेलचा रकाना

वही जुनीच आहे.
रेशन दुकान बंद पडलं तेव्हा
बब्रुवानच्या माळ्यावर गठ्ठ्यानं राहिलेली,
कडेनं वाळवीनं चाखलेली.
आत छापील रकाने:
नाव, कार्ड नंबर, गहू, तांदूळ, रॉकेल, शिल्लक.

नवी वही काही महाग नव्हती,
पण दैवशाला म्हणाली,
सुरुवातच विकत आणून करायची का?
म्हणून उदगीरच्या आमच्या गल्लीत
गव्हाखाली लिहितात काय दिलं,
तांदळाखाली काय नेलं
आणि रॉकेलखाली, कुणाला काय येतं.

हे सुरू झालं हापशामुळं.
नगरपालिकेचा माणूस अकरा दिवस
'उद्या येतो' म्हणत होता.
बाराव्या दिवशी खुर्शीदबीनं
नवऱ्याच्या कातडी चपलेचा तळ कापला,
मोजून गोल, वायसरच्या मापाचा.
चौघांनी पाइप उपसले एकेक करून.
मी किती निघाले ते मोजत उभा.
मला मोजण्याशिवाय काही येत नव्हतं.
पाणी आलं ते आधी गंजाचं,
मग मातीचं,
मग पाण्याचं.

तेव्हापासून वही माझ्याकडं.

मुक्तीराम हंबर्डे.
दिली: शिडी, बारा पायऱ्यांची, सातवी तुटकी.
येतं: वायरिंग, पखवाज, पोहणं.
(गल्लीत विहीर नाही, तरी पोहणं खोडू देत नाहीत.)
सय्यद खुर्शीदबी.
दिली: शिलाई मशीन, दुपारी दोन ते चार.
करुणा कांबळे, नववी ब.
दिलं: काही नाही.
येतं: मोबाईलवर बघून सगळं.
दैवशाला.
अंबाडी, दोडका, कारळं, गावरान वाल,
राखेत घोळून, जुन्या पत्रिकांच्या पुड्यांत.
नियम तिचाच:
नेलं त्याहून मूठभर जास्त आणायचं,
आणि उगवलं नाही तर
खोटं सांगायचं नाही.

रविवारी कचरा वेगळा करायला
पहिल्यांदा सव्वीस जण होते.
संक्रांतीनंतर नऊ.
मार्चमध्ये तीन,
त्यातला एक बोकड.
मधे एक पुढारी येऊन गेला,
बॅनर देतो म्हणाला, माझ्या फोटोसकट.
बॅनर घेतलं.
उलटं करून खताच्या खड्ड्यावर टाकलं,
तसं झाकण बाजारात मिळत नाही.

मग शिडी हरवली.
तांदळाखाली कुणाचंच नाव नाही,
एकोणीस दिवस.
मुक्तीराम कुणाशी बोलेना,
बब्रुवान म्हणायचा, बघा, हे असंच होतंय,
सरकारी असतं तर निदान
कुलूप तरी असतं.
मला वाटलं, वही परत माळ्यावर टाकावी.

मे लागला. हापसा नुसता खडखडू लागला.
वायसर चांगलं होतं,
खाली पाणीच नव्हतं.
त्या रात्री बल्बखाली बैठक बसली,
बऱ्याच दिवसांनी उभं राहायला जागा नाही.
करुणानं मोबाईलवर दाखवलं:
पत्र्याला पन्हाळ, पन्हाळीला पाइप,
खड्डा, दगड, वाळू, कोळसा,
तिथून पाणी बोरच्या पोटात.
दैवशाला म्हणाली,
म्हणजे आपण जमिनीचंबी नेलेलंच हाय की,
मूठभर जास्त द्यावं लागंल.
कुणी हसलं नाही.

सकाळी शिडी मुक्तीरामच्या दारात टेकलेली.
सातवी पायरी नवी, बाभळीची, नीट तासलेली.
कुणी आणली, कुणी विचारलं नाही.
मीही लिहिलं नाही.

तेवीस घरांपैकी चौदा पत्र्यांना पन्हाळ झाली.
बाकीचे बघू म्हणतात.
शिल्लकचा रकाना अजून कोराच आहे.
बब्रुवान सांगतो, शून्य मार,
दुकानात तसंच करायचो,
मग कुणी काही विचारत नाही.
मी हात राखून आहे.

काल करुणानं वही ओढून घेतली.
माझ्या नावापुढं, रॉकेलखाली,
'मोजणं' होतं ते खोडलं
आणि लिहिलं:
'शिडी धरणं'.